तारमास्तर, मी आणि टेक्सासची तबकडी

मराठीच्या प्राध्यापिकेने कोणते संगीत ऐकावे याविषयी लोकांच्या कल्पना अगदी पक्क्या असतात. नाट्यसंगीत चालते, भावगीत चालते. कुमारजींचे किंवा किशोरीताईंचे नाव घेतले तर पगारात नाही तरी प्रतिष्ठेत थोडी वाढ होते. गेल्या वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी हाच विषय निघाला. आयुष्यभर एकच ध्वनिमुद्रिका पुरवून ऐकायची झाली तर कोणती घ्याल, असा खेळ होता. माझी पाळी आली तेव्हा मी खरे ते सांगून टाकले. क्षणभर कोणी बोलेना. मग अर्थशास्त्राच्या सरांनी सौम्यपणे विचारले, "बाई, हे कुठल्या भाषेतलं म्हणायचं?"

"कुठल्याच नाही," मी म्हटले. "त्यात कोणी गातच नाही."

"मग ऐकता काय?"

तेवढ्यात घंटा झाली आणि मी हजेरीपुस्तक उचलून सुटले. पण प्रश्न काही सुटला नाही. वर्षभर तो माझ्या मागे आहे. आज दिवाळीच्या निमित्ताने त्याला बसायला पाट देते.

त्या तबकडीचे नाव आहे 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस'. पृथ्वी ही काही थंडगार, मेलेली जागा नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ. ती वाजवणाऱ्या मंडळींचे नाव 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय', म्हणजे आभाळातले स्फोट. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे, तिथले हे चौघे. तीन गिटार आणि एक ड्रम. त्या तिघांतला एक बहुधा खालच्या स्वरांची बास गिटार धरतो. गायक नाही, पेटी नाही, शब्द नाही. २००३ सालच्या नोव्हेंबरात ही तबकडी निघाली. पाच रचना, एकूण पंचेचाळीस मिनिटे आणि वर काही सेकंद. कॉलेजच्या एका तासाला बरोबर बसेल एवढी.

या जातीच्या संगीताला 'पोस्ट-रॉक' म्हणतात. नाव मोठे रुक्ष आहे, पण त्याला वाजवणारे जबाबदार नाहीत. सायमन रेनल्ड्स नावाच्या इंग्रज समीक्षकाने १९९४ साली ते रूढ केले. वाद्ये रॉकचीच, पण ती रॉकच्या कामाला न लावता केवळ नादाच्या छटांसाठी वापरायची, असा त्याचा मुद्दा होता. नंतर स्कॉटलंडमध्ये, कॅनडात, आइसलंडमध्ये या वाटेने जाणारे पुष्कळ निघाले. ज्यांच्यावर नाव चिकटले त्यांतल्या बहुतेकांनी ते झटकायचाच प्रयत्न केला. आपल्याकडे नवकवींचे काय झाले ते आठवा म्हणजे समजेल.

चौघांपैकी तिघे मिडलंड गावचे. पश्चिम टेक्सासातला हा मुलूख तेलविहिरींचा. जमीन इतकी सपाट की नजर अडायला काही नाही. चौथा, म्हणजे ड्रमवाला ख्रिस ऱ्हास्की, इलिनॉय राज्यातून आलेला. त्याने ऑस्टिनमधल्या तबकड्यांच्या एका दुकानात चिठ्ठी डकवली होती: दुःखी पण विजयी असा रॉक वाद्यवृंद पाहिजे. मला ही जाहिरात फार आवडते. दुःखी आणि विजयी! करुण आणि वीर यांचा असा संकर रसशास्त्राच्या पेपरात कोणी लिहिला असता तर मी गुण कापले असते. पण ते तिघे ती चिठ्ठी वाचून आले आणि १९९९ साली मेळ जमला. त्याच वर्षी ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, एका विद्यार्थी-आकाशवाणीवर वाजवून ते बाहेर पडले तर आभाळात दारूकाम चालले होते. ते पाहून ऱ्हास्की जे बोलला तेच त्यांचे नाव होऊन बसले. तेव्हा दिवाळी अंकात या मंडळींना जागा मिळायला नावापुरता तरी हक्क आहे.

ही तबकडी माझ्याकडे आली ती २००४ साली. मी पुण्यात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. खोलीत आम्ही तिघीजणी; त्यांतली एक संगणकशास्त्राची. तिच्याजवळ जगातले काय वाट्टेल ते संगीत असे आणि ते ती कोऱ्या सीडींवर उतरवून वाटत असे. (कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हाच, पुढे नोकरी लागल्यावर मी खरी तबकडी विकत घेऊन त्याचे परिमार्जन केले आहे.) माझ्या सीडीवर तिने काळ्या पेनाने फक्त 'ई-आय-टी-एस' एवढी चार अक्षरे लिहिली होती. मुखपृष्ठ नाही, रचनांची नावे नाहीत. खाली मेसच्या भांड्यांचा आवाज, शेजारी फोनवर भांडणाऱ्या मुली, आणि मला प्रबंधिका पुरी करायची होती. शब्द असलेले गाणे लावले की ते माझ्या वाक्यांशी भांडे. "हे लाव," ती म्हणाली, "यात शब्द नाहीत. तुझ्या कामात कोणी लुडबुडणार नाही."

म्हणजे सुरुवातीला ही तबकडी माझ्यासाठी भिंत होती; आवाज अडवायची एक सोय. महिनाभर मी ती ऐकलीच नाही, नुसती लावली. मग एका रात्री लिहिता लिहिता माझा हात थांबला आणि मला कळेना की का थांबला. दुसरी रचना चालली होती. सगळे जवळजवळ निमाले होते, एक गिटार कुठेतरी लांब स्वतःशी पुटपुटत होती, आणि आता संपले असे वाटत असतानाच चौघेही एकदम असे कोसळले की मी टेबल धरले. त्या रचनेचे नाव पुढे कळले: 'द ओन्ली मोमेंट वुई वर अलोन'. आपण दोघेच होतो असा तो एकच क्षण. आपल्या कार्यक्रमांचा शेवट ही मंडळी वर्षानुवर्षे बहुधा याच रचनेने करीत आली आहेत, यावरून तिचे वजन ओळखावे.

आमच्या संगीतप्रेमी सहकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे विलंबितापासून द्रुतापर्यंत. यात नवीन काय?" साम्य दिसते खरे, पण ते मला फसवे वाटते. इथे राग नाही, आवर्तन नाही, आणि मुख्य म्हणजे ऐन वेळची उपज नाही. सगळे आधी रचून घोटून बसवलेले असते. मजा निराळ्या ठिकाणी आहे. प्रत्येकाच्या पायाशी छोट्या छोट्या पेट्या असतात. तारेवर एकदा आघात केला की त्यांतली एक पेटी तोच स्वर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा ऐकवते, प्रत्येक वेळी थोडा मंद. दरीत हाक मारावी आणि ती परत यावी तसे. वादक आपल्या परत आलेल्या हाकेतच दुसरी हाक मिसळतो. शेजारचा तिच्या फटीत तिसरी बसवतो. एकेकाचे वाजवणे पाहिले तर अगदी साधे असते, शिकाऊ मुलालाही जमेल असे. तिघांची वीण पडते तेव्हा मात्र कोणता धागा कोणाचा ते कळेनासे होते. आजीच्या गोधडीत कोणाच्या लुगड्याचा तुकडा कुठे गेला ते जसे तिलाच ठाऊक.

आता दोषही सांगते, नाहीतर भक्तीचा आरोप येईल. हळूहळू चढत जायचे आणि शेवटी स्फोट करायचा, ही रीत या तबकडीनंतर इतक्यांनी गिरवली की तिचा साचा झाला. जाहिरातीत कोणी डोंगर चढून गेला की मागे हेच. क्रिकेटपटू बाद होऊन परत आला की हेच. खुद्द या चौघांनाही आपल्याच साच्याबाहेर पडायला पुढे मेहनत करावी लागली. २०१६ सालची त्यांची 'द विल्डरनेस' ऐकली म्हणजे ती मेहनत दिसते. २००४ साली 'फ्रायडे नाइट लाइट्स' या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले आणि त्यांचे नाव घरोघर गेले. चित्रपट ओडेसा गावच्या शाळेतल्या फुटबॉल संघाचा, आणि ओडेसा हे मिडलंडचे अगदी शेजारचे गाव. म्हणजे घरचेच कार्य. पण त्यात 'युवर हँड इन माइन' ही या तबकडीतली शेवटची रचना सारंगीच्या कुळातल्या वाद्यांची झालर लावून घेतली आहे, ती मला आजही सोसवत नाही. साध्या सुती पातळाला जरीचा काठ जोडल्यासारखे वाटते. लोकांना आवडते, आवडो.

पण हे सगळे झाले रसग्रहण. ही तबकडी माझी का झाली ते यात नाही. त्यासाठी आमच्या अण्णांकडे वळले पाहिजे.

अण्णा तारमास्तर होते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी त्यांची तार-कचेरी होती. १९६५ साली ते नोकरीला लागले तेव्हा टेबलावर पितळी साउंडर होता, आणि त्याची कटकट ऐकून हाताने सरळ मजकूर लिहून काढायचा असे. कागदावर टिंबे-रेघा उतरवून मग अर्थ लावणारा तो शिकाऊ. अण्णांना कटकटीतच अक्षरे ऐकू येत. पुढे टेलिप्रिंटर आला, फोन आले, आणि निवृत्तीच्या सुमारास तर कचेरीत दिवसाला दोन-चार तारा येत. पण त्या नोकरीने त्यांच्या स्वभावाला जी सवय लावली ती कायमची. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून अण्णा घरातही शब्दागणिक पैसे पडत असल्यासारखे बोलत. "जेवण." "दिवा." "अभ्यास." क्रियापद म्हणजे चैन. आणि अशा माणसाच्या पोटी मी आले, जी पुढे शब्दांवरच पोट भरणार होती. मी मराठी घेऊन एम. ए. करणार हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "कशाला?" मी अर्धा तास कारणे सांगितली. ते उठून गेले. त्या अर्ध्या तासाला त्यांनी काय उत्तर दिले असते हे मला पुढे कित्येक वर्षे कळले नाही, आणि मीही विचारले नाही. भांडण झाले असते तर बरे, पण भांडायलाही शब्द लागतात.

२०११ साली आई गेली आणि अण्णा आमच्याकडे पुण्याला राहायला आले. आमचे हे स्वभावाने बोलके. तेही महिन्याभरात थकले. रविवारी हे आणि मुलगी बाहेर गेली की घरात अण्णा आणि मी, आणि मध्ये पंख्याचा आवाज. मी उत्तरपत्रिका घेऊन बसे, ते खुर्ची ओढून दाराशी बसत. एका रविवारी मी सवयीने तबकडी लावली.

पहिल्या रचनेचे नाव 'फर्स्ट ब्रेथ आफ्टर कोमा'. बेशुद्धीतून बाहेर आल्यावरचा पहिला श्वास. ती सुरू होते एकाच स्वराने. गिटारवर उंच पट्टीतला एकच स्वर, थोड्या थोड्या अंतराने, टक... टक-टक... टक. मग खालून ड्रमचा ठोका येऊ लागतो, छातीतल्या धडधडीसारखा. अतिदक्षता विभागातले यंत्र आणि रुग्णाचे हृदय, असे बहुतेक ऐकणाऱ्यांना वाटते. मलाही तसेच वाटत आले होते.

अण्णांनी मान वर केली. "कोणाची तार?"

मला वाटले दारावर कोणी आले. "कोणी नाही, अण्णा. गाणं आहे."

ते ऐकत राहिले. मग ठाम स्वरात म्हणाले, "हात कच्चा आहे. अक्षर लागत नाही." आणि थोड्या वेळाने, "पण थांबत नाहीये."

माझ्या आठवणीत अण्णा एका दमात एवढे बोलल्याचा तो पहिलाच प्रसंग. अमेरिकेतल्या चार तरुणांची रचना त्यांना कोण्या नवशिक्या तारवाल्याची धडपड वाटली: संदेश काय ते लागत नाही, पण माणूस पलीकडून ठोके देतो आहे एवढे नक्की. मी बारा ठिकाणी या तबकडीची परीक्षणे वाचली असतील. याच्याइतके नेमके कोणी लिहिलेले नाही.

त्यानंतर दर रविवारी ते म्हणू लागले, "लाव ती तार." मी लावी. आम्ही दोघे पंचेचाळीस मिनिटे बसत असू. बोलणे नाही. पण आता न बोलण्याला काही काम मिळाले होते. आपल्याकडे तार हा शब्दही केवढा सोयीचा आहे: विजेची तार, वाद्याची तार, तारसप्तक, आणि जुळली तर तार जुळली. तास घेताना मी हा शब्द फोड करून शिकवते. घरात तो आपणहून फुटला.

तिसऱ्या रचनेची गोष्ट मीच त्यांना सांगितली. 'सिक्स डेज ॲट द बॉटम ऑफ द ओशन', समुद्रतळी सहा दिवस. 'कुर्स्क' या रशियन पाणबुडीच्या अपघाताची आठवण या नावामागे आहे असे म्हणतात. १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात ही पाणबुडी स्फोट होऊन बुडाली आणि आतले ११८ जण गेले. त्यांतले २३ जण स्फोटानंतर काही तास शेवटच्या कप्प्यात जिवंत होते. दिमित्री कोलेस्निकोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने तिथे अंधारात चाचपडत नावांची यादी आणि पत्नीसाठी चार ओळी लिहिल्या. तो कागद पुढे त्याच्या खिशात सापडला. पाणबुडीच्या आतून ठोके ऐकू येतात अशा बातम्या त्या आठवड्यात जगभर छापून आल्या होत्या. पुढे त्या ठोक्यांविषयी शंका घेतल्या गेल्या. ते कुर्स्कमधून आलेच नव्हते असेही सांगण्यात आले.

अण्णांनी सगळे ऐकले आणि विचारले, "कोणी ऐकून लिहून घेतलं का?"

"नाही बहुतेक."

"लिहून घ्यायला हवं होतं." एवढे बोलून ते आत गेले. त्या दिवशी रात्री ते जेवले नाहीत. मी ही गोष्ट सांगायला नको होती असे मला वाटले. आज वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने पलीकडून ठोके येत असताना कोणी पेन्सिल न उचलणे यासारखा अपराध नव्हता.

जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली. शेवटच्या दिवशी तार-कचेऱ्यांत ही गर्दी. ज्यांनी जन्मात तार केली नव्हती ते आठवण म्हणून तार करायला रांगेत उभे. मी अण्णांना म्हटले, "चला, आपणही जाऊ या." ते म्हणाले, "मयताला गर्दी नको." संध्याकाळी मात्र स्वतःहून खुर्ची ओढून बसले. रविवारच होता तो.

त्याच सुमारास मी खरी तबकडी मागवली आणि मुखपृष्ठ प्रथमच पाहिले. त्यावर तेच वाक्य हाताने पुन्हा पुन्हा लिहिले आहे. पृथ्वी ही थंडगार मेलेली जागा नव्हे, पृथ्वी ही थंडगार मेलेली जागा नव्हे... एखाद्या पोराला शिक्षा म्हणून लिहायला लावावे तसे. याच्या आधीच्या, २००१ च्या तबकडीत एका विमानाचे चित्र होते आणि उद्या हे विमान कोसळेल अशा अर्थाचे शब्द. ती निघाली आणि थोड्याच दिवसांत ११ सप्टेंबरचा दिवस उजाडला. योगायोगच, पण त्यावरून त्यांना बरेच काही ऐकावे लागले. अशा माणसांनी पुढच्याच खेपेला हे वाक्य इतक्या वेळा गिरवावे यात मला एक हट्ट दिसतो. पटलेली गोष्ट कोणी शंभरदा लिहीत नाही; पटावी म्हणून लिहितो.

२०१८ च्या पावसाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. समजत सगळे होते. बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज निघे आणि त्याची त्यांना लाज वाटे. मग त्यांनी तोंडच मिटून घेतले. तीन आठवडे आम्ही अंदाजाने त्यांना पाणी पाजत होतो, कूस वळवत होतो. एके दुपारी लक्षात आले की डाव्या हाताचे बोट पलंगाच्या कडेवर हलते आहे. टिचकी, मग बोट घासत ओढायचे, पुन्हा टिचकी. मला आधी कंप वाटला. मग ओळखले, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्या माणसाच्या घरात मी वीस वर्षे वाढले, मोडी वाचायला शिकले, महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांवर टिपणे काढली. माझ्या बापाची लिपी मला येत नव्हती.

छापील तक्ता मिळवून उशाशी टांगला. टिचकी म्हणजे आखूड, ओढ म्हणजे लांब. लांब-आखूड-लांब-आखूड, चार आखूड, आखूड-लांब. तक्त्यावर बोट फिरवत मी घामाघूम होऊन अक्षरे लावली: सी, एच, ए. पलीकडून आलेला पहिला संदेश: चहा. तीन अक्षरांत. चौथ्याचा खर्च नाही.

मी मोठ्याने हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग चहा टाकला.

पुढच्या सात-आठ महिन्यांत मी बऱ्यापैकी वाचू लागले. फार काही गहन बोलणे झाले असे वाचकांना वाटू नये. पंखा कमी कर. उशी. भाजीत मीठ नाही. एकदा, मी तास बुडवून घरी राहिले तेव्हा: जा शिकव. एम. ए.च्या त्या अर्ध्या तासाला इतक्या वर्षांनी मिळालेले उत्तर एवढेच, आणि मला ते पुरले. रविवारी तबकडी लागत असे आणि पहिल्या रचनेत त्यांचे बोट चाले. ते तालात असे की काही सांगत असे, ते मला कधी लागले नाही. विचारले तर ते डोळे मिटून घेत.

मार्च २०१९ मध्ये ते गेले. त्यानंतर मी दीडेक वर्ष ती तबकडी लावली नाही. चौथी रचना 'मेमोरियल', स्मारक. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात जवळजवळ काही घडतच नाही, आणि तेच मला सोसवेना. पुन्हा लावली ती टाळेबंदीत, घरून तास घेत असताना, एका विद्यार्थ्याचा आवाज तुटत तुटत येऊ लागला तेव्हा. तास संपवला आणि उठून कपाटातली ती जुनी, काळ्या अक्षरांची सीडी काढली. घरी उतरवलेल्या सीडींचा थर वर्षांनी विटतो म्हणतात. हिच्यात 'मेमोरियल'च्या मध्यावर एक अडखळ आली आहे. खरी तबकडी शेजारीच आहे, फोनवर तर एका बोटात वाजते, त्यांत सगळे स्वच्छ आहे. पण मला ती अडखळ आली नाही तर काहीतरी गाळल्यासारखे वाटते. मुलगी म्हणते, हा वेडेपणा आहे. तिच्या पिढीला 'युवर हँड इन माइन' ठाऊक आहे ते कुठल्याशा चित्रफितीमागचे संगीत म्हणून. ती रचना पाचवी आणि शेवटची. तिच्यात मोठा स्फोट नाही, दोन गिटारी एकमेकींची वाक्ये पुरी करत शेवटपर्यंत चालत राहतात. "हे तर मला माहितेय!" मुलगी म्हणाली. मी काही बोलले नाही. तिला तिची वाट सापडू दे.

२०१८ ची दिवाळी सांगायची राहिली.

तारखात्यात ठरावीक शुभेच्छांना क्रमांक असत. पूर्ण वाक्य पाठवायचे नाही, नुसता आकडा; पलीकडे तो उलगडून छापील मजकूर द्यायचा. आठ म्हणजे लग्नाची शुभेच्छा, पाच वाढदिवसाची, आणि एक म्हणजे दिवाळीची. लहानपणी पहिल्या आंघोळीनंतर आम्ही नमस्काराला वाकलो की अण्णा आशीर्वादाऐवजी "एक नंबर" एवढेच म्हणत, आणि आई कपाळाला हात लावी.

त्या वर्षी पहाटे हे आणि मुलगी खाली दारूकामाला गेली होती. मी अण्णांना तेल लावून, ओल्या पंचाने पुसून, नवा सदरा चढवून बसवले. बाहेर आभाळ फुटत होते. मला त्या चौघांचे नाव आठवले आणि हसू आले. मी तबकडी लावली. तो एकच स्वर सुरू झाला. मी चकलीचा बारीक चुरा दुधात कालवत होते. अण्णांचे बोट पलंगाच्या कडेवर चालू लागले. एक टिचकी. मग लांब, लांब, लांब, लांब.

तक्ता पाहावा लागला नाही. मी वाटी खाली ठेवली आणि त्यांच्या हाताशेजारी माझे बोट टेकवून तेच परत पाठवले: एक आखूड, चार लांब.

अण्णांनी मान हलवली. माझ्या रेघा आखूड पडल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने माझे बोट धरले आणि मला पुन्हा करायला लावले.